काजूच्या बीपासून दिवाळीच्या बॉक्सपर्यंत : माल अडतो तो दोन दारांच्या मधे

डिचोलीचा बोरमा

नमस्कार मंडळी.

डिचोली तालुक्यात आमचा काजूचा लहान कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, गेली नऊ वर्षं मी बघतो. आज जरा लांबलचक लिहितोय, कारण गेल्या दिवाळीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

किनारपट्टीवरच्या एका हॉटेलाने भेटीसाठी पाव किलोचे २,००० बॉक्स मागितले होते. म्हणजे ५०० किलो गर. आमच्याकडे गर ११.३४ किलोच्या डब्यात भरून ठेवतात, पंचवीस पौंडांचा जुना हिशेब आहे तो. त्या मापाने ४५ डबे. ते डबे चवथ संपायच्या आत तयार होते. माणसं होती, माल होता, वेळ होता. छापील बॉक्स दुसऱ्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून यायचे होते. त्यांनी नमुना वेळेत पाठवला. मी तो त्याच दिवशी हॉटेलच्या खरेदी विभागाला पुढे पाठवला. त्यांनी त्यांच्या जाहिरातवाल्यांना दाखवला आणि जाहिरातवाल्यांनी दोन दिवसांत होकार दिला. तो होकार गेला खरेदी विभागाला. खरेदीवाल्यांना वाटलं, छापणाऱ्यालाही कळलं असेल. छापणारा लेखी होकाराची वाट बघत बसला. मला वाटलं, छपाई चालू आहे. असे ११ दिवस गेले.

बॉक्स आले धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. रात्रभर भरले. हॉटेलने १,२०० घेतले. उरलेल्या ८०० बॉक्सांवर हॉटेलचं नाव छापलेलं, ते दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. गर परत काढून डब्यात भरला.

दिवाळीनंतर मी ठरवलं, कामाचा पूर्ण नकाशा काढायचा. पिलिंगच्या, म्हणजे गराची साल काढायच्या हॉलमधे टेबलावर मोठा खाकी कागद पसरला आणि कामाच्या बायकांना, भट्टीवरच्या माणसाला, सगळ्यांना बोलावलं. बी वाळवणं, वाफवणं, रात्रभर निववणं, फोडणं, बोरम्यात (गरम हवेच्या भट्टीत) सुकवणं, साल काढणं, ग्रेडिंग, डबे भरणं. एकूण २७ चौकोन झाले. खूप शिकायला मिळालं. बोरम्यातून काढलेला गर पिलिंगला जाईपर्यंत पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो आणि साल सुटत नाही, हे त्या बायकांना वर्षानुवर्षं माहीत होतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

पण त्या २७ चौकोनांत ते ११ दिवस कुठेच नव्हते. आमच्याकडे, छापणाऱ्याकडे, हॉटेलमधे, प्रत्येक जागी काम वेळेवर झालं होतं.

तर प्रश्न असा, की दोन धंद्यांच्या मधली जागा कागदावर दाखवायची कशी? आणि दाखवली तरी ती सांभाळायची कुणी?

वेर्णा शिफ्ट

दादा, प्रश्न अगदी नेमका पकडलात. मी वेर्ण्याला औषध कंपनीत प्रोसेसचं काम करतो, त्यामुळे माझा रोजचा विषय आहे.

तुम्ही जो कागद काढलात त्याला एक ठरलेली लिपी आहे, बीपीएमएन म्हणतात. पहिली आवृत्ती २००४ ची, आज वापरतात ती २.० जानेवारी २०११ ची, आणि २०१३ मधे तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. वर्तुळ म्हणजे काहीतरी घडलं, चौकोन म्हणजे काम, चौकोन कोपऱ्यावर उभा केला की निर्णय. पण तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. त्या लिपीत प्रत्येक स्वतंत्र धंद्याला एक लांब पट्टा देतात, त्याला पूल म्हणतात. पुलाच्या आत विभागांच्या लेन असतात. एका कामानंतर दुसरं काम दाखवणारी सलग रेघ पुलाच्या आतच चालते. तिने पुलाची हद्द ओलांडायची नाही, हा नियमच आहे. एका पुलातून दुसऱ्यात जाते ती फक्त तुटक रेघ, आणि ती रेघ म्हणजे निरोप.

मला हा नियम सुरुवातीला किचकट वाटायचा. आता कळतं, त्यात व्यवहाराचं शहाणपण आहे. तुमच्या कारखान्यात तुम्ही सांगाल ते पुढचं काम होतं. पण छापणाऱ्याला तुम्ही हुकूम देऊ शकत नाही, निरोपच देऊ शकता. निरोप पोचला की नाही हे वेगळं बघावं लागतं. प्रत्येक तुटक रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक वर्तुळ हवं: इकडे 'पाठवला', तिकडे 'मिळाला'. आणि ज्याला वाट बघायची आहे त्याच्या बाजूला एक घड्याळाचं वर्तुळ: इतक्या दिवसांत मिळाला नाही तर काय करायचं.

तुमच्या दिवाळीचा कागद असा काढून बघा. होकाराची रेघ जाहिरातवाल्यांकडून निघून हॉटेलच्याच खरेदी विभागात संपते. छापणाऱ्याच्या पुलापर्यंत रेघच येत नाही. आणि घड्याळ तिघांपैकी कुणाकडेच नाही.

डिचोलीचा बोरमा

तुमचं वाचून लगेच काढला. खरंच, रेघ मधेच संपते. कागदावर बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. इतके दिवस मी त्या खरेदीवाल्या माणसाला मनातल्या मनात दोष देत होतो.

म्हापशाचा हिशेब

एक सरळ विचारते. छोट्या धंद्यात चार माणसं असतात. एक फोन केला असता तर काम झालं असतं. त्यासाठी लिपी, पूल, लेन एवढं कशाला?

वेर्णा शिफ्ट

ताई, फोन करायलाच हवा होता, मान्य. पण कुणी करायचा आणि कितव्या दिवशी, हेच कागद ठरवतो. चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं की दुसरा करेल, तेव्हा फोन होत नाही.

जुना बार्जवाला

हा धागा दोनदा वाचला. मी खाणधंद्यात होतो, जेटीवर आणि बंदरात मिळून पंचवीसेक वर्षं. आता घरी असतो. तुमच्या साखळीपेक्षा आमची साखळी मोठी, पण दुखणं हेच.

खाणीवरून टिपर, टिपरातून नदीकाठची जेटी, जेटीवरून बार्ज, बार्जीतून मुरगावला जहाज. खाण एकाची, टिपर गावातल्या शंभर जणांचे, बार्जी तिसऱ्याच्या, जहाज परदेशातलं. वर भरती-ओहोटी कुणाच्याच हातात नाही. पावसाळ्यात आग्वादचा बार, म्हणजे नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा, बंद झाला की मांडवीतल्या बार्जींना मुखातून बाहेर पडता येत नसे, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून बंदर गाठायचं. तेव्हा सगळं वेळापत्रकच बदलायचं.

एवढे मालक असूनही जहाज भरताना कुणाचा वेळ किती गेला यावर भांडण कमी व्हायचं. कारण बंदराची एक जुनी रीत आहे. जहाज आलं, माल घ्यायला तयार झालं की कप्तान 'नोटिस ऑफ रेडिनेस' देतो. त्या कागदावर वेळ असते, तो कुणी स्वीकारला त्याची सही असते. कराराप्रमाणे तिथून घड्याळ चालू. मग माल भरून होईपर्यंत तासातासाची नोंद होते: किती वाजता भरायला लागले, पाऊस आला म्हणून कधी थांबले, बार्ज नव्हती म्हणून किती वेळ गेला. तो कागद म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स'. शेवटी जहाजाचा कप्तान आणि मालवाल्यांचा एजंट दोघं त्याच एका कागदावर सही करतात. जास्त वेळ लागला तर डेमरेज म्हणजे भरपाई, लवकर सुटलं तर बक्षिसी, सगळा हिशेब त्या कागदावरून.

लक्षात घ्या, त्या कागदावर खाणीत काय चाललंय हे नसतं, जहाजाच्या इंजिनात काय चाललंय हेही नसतं. माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेवढ्याच जागेची नोंद. पण ती एकच, दोघांनी मिळून केलेली.

याउलट खाण ते जेटी या आमच्याच भागात असा कागद नव्हता. टिपरवाला म्हणे मी चार तास रांगेत होतो, जेटीवाला म्हणे तू आलास तेव्हा लगेच खाली केला. दोघंही आपापल्या वहीतून खरंच बोलत असत. २०१२ ला खाणी बंद झाल्या, पुन्हा थोड्या चालू झाल्या, २०१८ च्या निकालाने परत बंद झाल्या. त्या काळात गावागावांत टिपर उभे राहिले, हप्ते थकले. तेव्हाही कुणाचं किती येणं आहे यावर वाद झाले ते याच नोंदीअभावी. ते बघताना फार वाईट वाटायचं.

म्हणून सांगतो बाबा, हात बदलतो तो क्षण दोघांनी एकाच कागदावर लिहा. बाकीचा नकाशा नंतर काढलात तरी चालेल.

सत्तरीची बागायत

काकांनी लिहिलेलं वाचून मला आमच्या दाराशी होतं ते आठवलं. माझं सत्तरीत काजूचं भाट आहे. मार्च ते मे आम्हाला दिवस पुरत नाही. बोंडू (काजूचं फळ) पिळायला जातात, बी वेगळी करून पोत्यात.

डिचोलीकर दादा, तुमचा नकाशा कारखान्याच्या दारात सुरू होतो. आमच्याकडून सुरू करा. बी झाडाखालून उचलली तेव्हा ओली असते. मी सकाळी घरच्या काट्यावर १०० किलो भरते. गाडीवाला तिसऱ्या दिवशी येतो. तुमच्याकडे उतरते तेव्हा ९६ भरते. तुमच्या माणसाला वाटतं, बाईंनी कमी दिलं. मला वाटतं, काट्यात काहीतरी आहे. आणि दर कुठल्या दिवसाचा धरायचा, मी भरलं त्या दिवसाचा की तुम्ही उतरवलं त्या? तीन दिवसांत दर बदलतो.

मागे एका व्यापाऱ्याशी आमचा यावरूनच कायमचा व्यवहार तुटला. पंधरा वर्षांची ओळख होती. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं, हे मला आता वाटतं.

डिचोलीचा बोरमा

ताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. ओलाव्याचं गणित इथेच मांडतो, सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

समजा बी १८ टक्के ओलाव्याची आहे. १०० किलोत ८२ किलो सुका भाग. ती आम्ही ८-९ टक्क्यांपर्यंत वाळवून साठवतो, नाहीतर पावसात बुरशी धरते. ९ टक्क्यांवर आली की त्याच ८२ किलोचं वजन भरतं ९० किलो. दहा किलो नुसतं पाणी गेलं, चोरी कुणीच केली नाही. त्यातून पुढे गर निघतो साधारण चार किलो बीला एक किलो. म्हणजे तुमच्या काट्यावरचे १००, माझ्या काट्यावरचे ९६, गोदामातले ९० आणि डब्यातले बावीस-तेवीस, हा सगळा एकच माल आहे. पण चार वह्यांत चार वेगळे आकडे.

बागायतदारांकडून घेताना वजनाबरोबर ओलावाही त्याच पावतीवर लिहिला, तर निम्मे वाद मिटतील. आमच्याकडे मीटर आहे, पण तो वाळवणीवर असतो, दारात नसतो. ही चूक माझी.

चोर्ला घाट

गाडीवाल्यांची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. मी बेळगाव-गोवा आणि पुणे-गोवा माल वाहतो.

कंपनीच्या गेटवर एक रजिस्टर असतं. त्यात गाडी 'आत आली' ती वेळ लिहितात. गाडी गेटबाहेर 'पोचली' ती वेळ कुठेच लिहीत नाहीत. मी सकाळी ११ ला पोचतो, आत घेतात दुपारी ४ ला. रजिस्टर बघणाऱ्या साहेबाला दिसतं, गाडी ४ ला आली. उशीर कुणाचा? ड्रायव्हरचा. काकांची ती नोटिस ऑफ रेडिनेस आमच्या ट्रकला मिळाली तर मी आयुष्यभर आभारी राहीन.

दुसरं म्हणजे ई-वे बिल, माल वाहायला लागणारा ऑनलाइन कागद. ५०,००० रुपयांवरच्या मालाला लागतं, आणि त्याला मुदत असते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. डिचोलीहून पुण्याला तीन दिवस मिळतात, पुरेसे आहेत. पण कारखान्यात बिल सकाळी बनवून ठेवतात आणि माल भरतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. वर घाटात दरड आली, रस्ता बंद झाला की मुदत संपत येते. वाढवून घेता येते, पण मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच. रात्री घाटात उभा असलेला ड्रायव्हर कुणाला फोन करणार? त्याला कुणीतरी आधी सांगितलेलं हवं. वेर्णावाल्या भाऊंनी घड्याळाचं वर्तुळ म्हटलं, ते इथे काढा.

किनारी स्टोअर

मी हॉटेलच्या स्टोअरमधे आहे. डिचोलीकरांच्या किस्स्यातलं हॉटेल आमचं नव्हे, पण असतं तरी असंच झालं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आमच्याकडे मागणी कशी जाते ते सांगतो. किचनला आठवड्याला साधारण सारखाच काजू लागतो, सीझनला वाढतो, पावसाळ्यात उतरतो. पण आम्ही ऑर्डर महिन्यातून एकदा काढतो, कारण खरेदीच्या मंजुरीला सह्या लागतात. एकदा माल कमी पडला की शेफ पुढच्या वेळी दीडपट लिहितो. मी त्यावर थोडं वाढवतो, मला बोलणी खायची नसतात. पुरवठादार त्याच्यावर वाढवतो. मग डिचोलीला कळतं की हॉटेलांत मागणी दुप्पट झाली. आणि दोन महिन्यांनी आमचं स्टोअर भरलेलं, ऑर्डर शून्य. खाणारा पाहुणा तोच, तेवढाच.

वेर्णा शिफ्ट

स्टोअरवाले भाऊ, तुम्ही जे सांगितलंत त्यावर साठ वर्षांपूर्वी अभ्यास झालाय. एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ मधे दाखवलं की दुकानातली छोटी हालचाल मागे कारखान्यापर्यंत जाताना मोठी मोठी होत जाते. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला बाळांच्या डायपरच्या बाबतीत तेच दिसलं: बाळं रोज तेवढीच, कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र वरखाली. १९९७ मधे हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कारणं नीट मांडली: अंदाजावर अंदाज चढवणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, भाव कमी असताना जास्त उचलणं, आणि टंचाईच्या भीतीने फुगवून मागणं. चाबकाचा नुसता मुठीशी झटका, टोकाला फटकारा, म्हणून बुलव्हिप म्हणतात.

चारपैकी तीन कारणं तुमच्या एका परिच्छेदात आहेत. त्यावर पहिला उपाय असा, की ऑर्डरीबरोबर खरा खपही मागे कळवा. किचनने या आठवड्यात किती किलो वापरला, एवढा एक आकडा.

डिचोलीकर दादा, तुमच्या धंद्यात तर हे जास्तच महत्त्वाचं. बी तुम्ही मार्च ते मे मधे वर्षभराची घेता. म्हणजे दिवाळीचा अंदाज शिमग्याच्या सुमाराला. ती खरेदी अंदाजानेच होणार, इलाज नाही. गर काढून डब्यात ठेवेपर्यंत अंदाजावर चाला, आणि बॉक्स भरणं मात्र पक्क्या मागणीवर. अंदाज संपून मागणी जिथे सुरू होते ती जागा नकाशावर लाल शाईने दाखवा. तुमच्याकडे ती डब्यांच्या रॅकशी आहे. डब्यातला डब्ल्यू २४० (गराची एक ग्रेड) कुणालाही देता येतो, नाव छापलेल्या बॉक्समधला देता येत नाही. म्हणून होकार पक्का झाल्याशिवाय लाल रेघेपुढे काहीच सरकवू नका.

डिचोलीचा बोरमा

लाल रेघ काढली. आणि त्या निमित्ताने एक हिशेब केला, १९६१ मधे जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम वापरून. कामात अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, म्हणजे सरासरी किती दिवस लागतात. बोरमा ते डबा या भागात आमच्याकडे सरासरी ९०० किलो गर पडून असतो आणि रोज १५० किलो डब्यात जातो. म्हणजे ६ दिवस. प्रत्यक्ष काम दीड दिवसाचंही नाही. साडेचार दिवस गर टोपल्यांत बसून ओल धरतो. त्या बायका हेच सांगत होत्या.

सॉफ्टवेअर पर्वरी

सगळं कागदावर का करताय? एक चांगली ईआरपी, म्हणजे सगळ्या धंद्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्या, बारकोड लावा, सगळं आपोआप दिसेल.

वेर्णा शिफ्ट

मी याच कामात असूनही आधी कागद म्हणेन. कारण सांगतो.

आजकाल संगणकातल्या नोंदींवरून प्रक्रियेचा नकाशा आपोआप काढता येतो, प्रोसेस मायनिंग म्हणतात. त्याला प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लागतात: कुठलं प्रकरण, कुठलं काम, किती वाजता. एका कंपनीत हे जमतं. साखळीत पहिल्याच गोष्टीला गाडी अडते. सत्तरीच्या ताईंचं पोतं क्रमांक अमुक. दहा घरांची पोती मिळून वाळवणीचा एक लॉट. लॉटमधून ग्रेडप्रमाणे सहा प्रकारचे डबे. डबा फुटून ४५ बॉक्स. बॉक्स हॉटेलच्या एका बिलात. प्रकरण नेमकं कुठलं? पोतं की लॉट की डबा की बिल? प्रत्येकाच्या सॉफ्टवेअरमधे वेगळा क्रमांक, आणि मधला दुवा कुणीच लिहिलेला नाही.

तो दुवा आधी ठरवावा लागतो, माणसांनी बसून. या लॉटमधे ही पोती गेली, या डब्यांत हा लॉट गेला. लेबलवर लॉट क्रमांक टाकणं अन्नसुरक्षेच्या नियमाने तसंही बंधनकारक आहे, पण तो क्रमांक मागे पोत्यापर्यंत पोचला तरच त्याचा अर्थ. आता गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. उद्या गिऱ्हाइकाने विचारलं, हा गर गोव्याच्याच बीचा कशावरून, तर उत्तर याच दुव्यांतून येणार.

औषधांत आम्हाला हे कायद्याने करावं लागलं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड आला. त्यासाठी यंत्रं महिन्यांत बसवता येतात. डबा फुटून अर्धा परत आला तर क्रमांकाचं काय करायचं, असले प्रश्न मात्र कागदावरच सुटतात. वेगवेगळ्या कंपन्यांनी अशा नोंदी एकमेकांना कशा द्यायच्या याचंही मानक आहे, ईपीसीआयएस, २००७ पासून. त्याचा मूळ गाभा चार प्रश्नांचा: काय, कुठे, कधी, कशासाठी. हे चार रकाने वहीतही आखता येतात.

सॉफ्टवेअर पर्वरी

पटलं. क्रमांकांचा दुवा हा मुद्दा मी धरलाच नव्हता. वही आखून झाली की सांगा, साधी शीट बनवून देतो, मोबाईलवर चालेल अशी.

म्हापशाचा हिशेब

सुरुवातीला मी शंका काढली होती, पण काकांची पोस्ट वाचल्यावर मला माझ्या कामातली एक गोष्ट लख्ख दिसली. तुमच्या नकाशात माल आहे, निरोप आहे. पैसा नाही.

दादा, तुमचा कारखाना उद्यम या सरकारी नोंदणीत असेल तर लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसल्यास १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. त्यामुळे हल्ली मोठे खरेदीदारही ऐकतात.

पण हे ४५ दिवस कधीपासून मोजायचे? माल स्वीकारला त्या दिवसापासून. म्हणजे प्रत्यक्ष पोचला तो दिवस. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती हरकत दूर झाली तो दिवस. माझ्याकडे जे अशील येतात त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे पोच दिल्याची तारखेची सही नसते. बिलाची तारीख असते, गाडी गेली त्याची असते. स्वीकारल्याची नाही. कायदा त्यांच्या बाजूने आहे आणि हातात कागद नाही. हे बघून मला दरवेळी चुटपुट लागते.

आणि सत्तरीच्या ताईंकडून बी घेताना जीएसटी दादांनी स्वतः भरायचा असतो, रिव्हर्स चार्जने, आणि बिलही त्यांनीच स्वतःच्या नावाने बनवायचं असतं. ते बिल त्या दारातल्या पावतीवरूनच बनवा. वजन, ओलावा, दर, तारीख एकाच कागदावर आली की दोन कामं एकदम होतील.

किनारी स्टोअर

स्वीकारण्याबद्दल आमच्या बाजूने एक अडचण सांगतो. माल उतरला की लगेच सही करायला स्टोअरचा माणूस घाबरतो. आत डबा ठेचलेला निघाला तर त्याच्या पगारावर येतं. म्हणून तो 'तपासून घेऊ' म्हणत दोन दिवस काढतो. सह्या दोन ठेवा. 'पोचला, एवढे नग' ही लगेच. 'तपासला, ठीक' ही ठरलेल्या मुदतीत, आमच्याकडे ४८ तास पुरेत. मग माझा माणूसही बिनघोर सही करेल.

जुना बार्जवाला

स्टोअरवाल्याने लाखाची गोष्ट सांगितली. आमच्याकडेही जहाज पोचलं याची वेळ वेगळी आणि वजन ठरायची रीत वेगळी. वजन जहाज पाण्यात किती बुडालं यावरून सर्व्हेअर काढायचा, भरायच्या आधी एकदा आणि भरल्यावर एकदा. पोचणं आणि मोजणं एकत्र केलंत की माणूस सही टाळतो.

डिचोलीचा बोरमा

मंडळी, चार दिवस लिहिलं नाही, कारण कामाला लागलो होतो.

२७ चौकोनांचा कागद भिंतीवर ठेवलाय, पण आता त्यातून हात बदलायच्या जागा तेवढ्या वेगळ्या काढल्या. सहा निघाल्या: बागायत ते गाडी, गाडी ते आमचं दार, नमुन्याचा होकार, छापणारा ते आम्ही, आम्ही ते गाडी, गाडी ते गिऱ्हाईक. प्रत्येक जागेसाठी एक पान: काय, किती, कुठे, किती वाजता, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, आणि खाली एक ओळ, 'इतक्या वेळात आलं नाही तर अमक्याने अमक्याला फोन करायचा'. डिचोलीत छापखान्यातून कार्बन लावायच्या वह्या करून घेतल्या.

छापणाऱ्यांकडे स्वतः जाऊन आलो. मला वाटलं होतं ऐकणार नाहीत. त्यांनी कपाटातून तीन गिऱ्हाइकांचे अडकलेले नमुने काढून दाखवले, सगळ्यांची तीच गत. होकार थेट त्यांच्याकडे येईल आणि प्रत माझ्याकडे, तिसऱ्या दिवशी आला नाही तर फोन त्यांनी करायचा, असं ठरलं. नमुन्याच्या कागदावरच ते छापणार आहेत. हॉटेलच्या खरेदीतल्या त्या माणसालाही भेटलो. त्याला ते ८०० बॉक्स परत गेलेत हेच माहीत नव्हतं. त्याने आठवड्याचा खप कळवायचं मान्य केलंय, बघू किती टिकतं.

चोर्लावाले भाऊ, आमच्या गेटवरच्या रजिस्टरात 'पोचली' हा रकाना आखला. ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने वेळ लिहायची. पहिल्याच दिवशी एक गाडी अडीच तास उभी होती, ती आमच्याच वजनकाट्याच्या रांगेमुळे. मला नऊ वर्षांत हे दिसलं नव्हतं.

एक प्रश्न उरला आहे. सत्तरीच्या ताई, ओलाव्याचा मीटर आता दारात आणलाय. पण तुमच्याकडे गाडी भरताना कुणी मोजायचा? गाडीवाल्याकडे मीटर द्यावा का?

सत्तरीची बागायत

गाडीवाल्याकडे नको, तो तिसरा माणूस, उगाच त्याच्यावर आळ येईल. आमच्या वाड्यावर बारा घरं बी देतात. मीटर आमच्याकडे ठेवा, भरायच्या वेळी मी आणि गाडीवाला मिळून मोजू आणि पावतीवर लिहू. तुमच्या दारात तुम्ही पुन्हा मोजा. दोन आकड्यांत किती फरक चालेल ते आधी ठरवू, म्हणजे दोन दिवसांचं सुकणं त्यात बसेल. दर मात्र गाडी भरली त्या दिवसाचा, हे माझं म्हणणं. पटत असेल तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून पाठवा, बाराही घरांच्या सह्या घेऊन ठेवते. सीझन लागायच्या आधी या एकदा.

डिचोलीचा बोरमा

पटलं ताई. रविवारी येतो, वही आणि मीटर घेऊन. दोन मीटरांचा आकडा जुळतो का तेही तिथेच एका पोत्यावर बघून घेऊ.